लेकॉक : छायाचित्रणाचे माहेर

वसंतातील बाग, ग्रामीण निसर्ग आणि जुना वारसा या तिन्ही गोष्टी छायाचित्रांतून अनुभवू पाहणाऱ्यांच्या दृष्टीने इंग्लंडच्या विल्टशायर परगण्यातील लेकॉक या खेड्याला वेगळे महत्त्व आहे. कारण छायाचित्राची सर्वांत जुनी उपलब्ध निगेटिव्ह याच गावातील एका घरात तयार झाली. लेकॉक ॲबी हे ते घर मुळात ख्रिस्ती जोगिणींचा मठ होते. सॅलिसबरीची काउंटेस एला हिने १२२९ मध्ये स्थापलेला हा मठ आठव्या हेन्रीच्या कारकिर्दीत, १५३९ मध्ये, बंद झाला आणि पुढे त्याचे निवासस्थानात रूपांतर झाले. मात्र अंगणाभोवतीच्या कमानदार ओवऱ्या आजही शाबूत आहेत.

एकोणिसाव्या शतकात या घराचा मालक असलेला विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट (१८००–१८७७) वनस्पतिशास्त्राचा जाणकार होता. १८३३ मध्ये इटलीतील कोमो सरोवराकाठी तो कॅमेरा ल्युसिडा, म्हणजे दृश्य कागदावर पडल्याचा भास निर्माण करून ते गिरवण्यास मदत करणारे लोलकाचे उपकरण, वापरून चित्र काढू लागला, पण ते साधेना; तेव्हा प्रकाशानेच आपले चित्र कागदावर उमटवावे, ही कल्पना त्याला सुचली. घरी परतल्यावर त्याने मिठाचे पाणी आणि सिल्व्हर नायट्रेट लावलेल्या कागदावर झाडांची पाने व लेस ठेवून तो उन्हात धरला, तेव्हा झाकलेला भाग पांढरा राहिला आणि उरलेला काळवंडला. ऑगस्ट १८३५ मध्ये त्याने घरातील एका जाळीदार खिडकीची निगेटिव्ह, म्हणजे उजेड-अंधार उलटलेली प्रतिमा, मिळवली. निगेटिव्हवरून हव्या तितक्या सुलट प्रती काढण्याचे तत्त्व त्याने पुढे विकसित केले आणि डिजिटल कॅमेरा येईपर्यंत छायाचित्रण मुख्यतः त्याच तत्त्वावर चालले. ‘द पेन्सिल ऑफ नेचर’ या १८४४ ते १८४६ दरम्यान भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या ग्रंथातील २४ छायाचित्रांतही लेकॉकचे घर, गवताची गंजी आणि उघड्या दाराशी टेकलेला झाडू यांना स्थान मिळाले.

या परिसरात हिवाळा सरताना पांढरी स्नोड्रॉप, त्यानंतर जांभळी क्रोकस आणि पुढे पिवळी डॅफोडिल फुलतात. ही फुले जमिनीलगत असल्याने कॅमेरा त्यांच्या उंचीपर्यंत खाली नेल्यास फुलाबरोबर मागची दगडी भिंतही चौकटीत येते आणि बाग व वारसा एकत्र दिसतात. कॅमेरा दृश्याची सरासरी उजळता मध्यम करड्या छटेइतकी धरून चालतो, त्यामुळे पांढऱ्या फुलांचा ताटवा मळकट उमटू शकतो. अशा वेळी एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात घेतल्या जाणाऱ्या प्रकाशाचे प्रमाण, किंचित वाढवावे. मार्चमधील विषुवदिनी तेथील सूर्य भर दुपारीही क्षितिजापासून सुमारे ३९ अंशांवरच असतो, म्हणून दिवसभर तिरपा प्रकाश मिळून दगडाचा पोत उठून दिसतो. मुंबईत त्याच वेळी सूर्य सुमारे ७१ अंशांवर असल्याने तसा प्रकाश सकाळी व संध्याकाळीच शोधावा लागतो.

१९४४ मध्ये लेकॉक ॲबीच्या तेव्हाच्या मालकीण मटिल्डा टॅल्बट यांनी हे घर आणि गावाचा बहुतेक भाग नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या स्वाधीन केला, म्हणूनच दगडाची व लाकडी सांगाड्याची जुनी घरे एकसंध टिकली. त्यांत आजही कुटुंबे राहतात; त्यामुळे त्यांच्या दारा-खिडक्यांचे चित्रण करताना त्यांच्या खासगीपणाचा मान राखणे हे प्रत्येक पाहुण्याचे कर्तव्य ठरते.

फॉक्स टॅल्बटच्या मनात छायाचित्रणाची इच्छा कोमोच्या ख्यातनाम सौंदर्याने जागवली, परंतु ती फळाला आली स्वतःच्या घराची खिडकी, पाने आणि गंजी यांच्यावर. महाराष्ट्रातील वाचकानेही दूरच्या पर्यटनस्थळाची वाट न पाहता फाल्गुन-चैत्रात फुललेला पळस, गावची बारव, वेशीजवळचा वीरगळ यांची छायाचित्रे घ्यावीत आणि प्रत्येकासोबत स्थळ व दिनांक नोंदवावा. अशी नोंद असलेले चित्र आनंदाबरोबरच पुढच्या पिढीसाठी पुरावाही ठरते.