इंजिन सुरू झालं, म्हणजे तयार झालं का?

अलास्कातलं फेअरबँक्स घ्या. हिवाळ्यात तिथे पारा उणे 40 अंशांपर्यंत उतरू शकतो. आसपासच्या कित्येक वस्त्यांना रस्ताच नाही, छोट्या विमानावरच सगळी भिस्त. मग रात्रभर उघड्यावर गारठलेलं सेस्ना सकाळी उडवायचं कसं?

आपल्याला वाटतं, बॅटरी चांगली आहे, इंजिन सुरू झालं, म्हणजे काम झालं. गफलत होते ती इथेच. इंजिनाचं बाहेरचं कवच ॲल्युमिनियमचं, आतला क्रँकशाफ्ट पोलादाचा. थंडीत ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट आकसतं. त्यामुळे बेअरिंगमधली तेलाची फट अरुंद होते. त्यातून तेल काकवीसारखं घट्ट झालेलं. ते वेळेवर पोचतच नाही आणि धातूवर धातू घासतो. इंजिन चालताना दिसतं, पण आतून झिजलेलं असतं. ही झीज पुढे कधीतरी हवेत असताना दगा देऊ शकते.

म्हणून लायकमिंग कंपनी सांगते, की इंजिन उणे 12 अंश किंवा त्याखाली दोन तासांहून जास्त राहिलं असेल, तर बहुतेक मॉडेलांसाठी ते आधी तापवा. जुन्या काळी अलास्कातले वैमानिक उतरल्याबरोबर गरम तेल डब्यात काढून घरात नेत. सकाळी इंजिनावर जाड कापड टाकून खाली शेगडी पेटवत आणि तापवलेलं तेल परत ओतत. आज हीटर आहेत, पण तत्त्व तेच: नुसतं तेल नाही, सगळं इंजिन तापलं पाहिजे. घाईघाईने दहा मिनिटं गरम हवा मारली, तर सिलिंडर तापतात, आतला शाफ्ट थंडच राहतो.

आता ब्रीदर नळी बघा. इंजिनातली वाफ हिच्यातून बाहेर पडते. तिच्या तोंडाशी बर्फ धरला, तर आत दाब वाढतो, पुढचं ऑइल सील निसटतं आणि उडताना तेल वाहून जातं. उड्डाणाआधी टॉर्च मारून तेवढं बघायचं.

शेवटी पंख. खरखरीत सँडपेपरएवढा हिमकणांचा थर पंखाची उचल 30 टक्क्यांपर्यंत कमी करू शकतो. तो पूर्ण काढायचा, पण गरम पाणी ओतून नाही. ते बिजागऱ्यांत जाऊन गोठतं.

तेव्हा उड्डाण नऊचं असेल, तर तयारी नऊला सुरू होत नाही. हीटर काही तास आधीच लागलेला हवा.