बुरशीचे औषध : अंदाजाने नको, अर्धवटही नको

मैत्रिणींनो, पावसाळ्यात आपल्या मोरिवलीला पावावर दोन दिवसांत बुरशी धरते. तिचीच भावंडे हवेत, मातीत सगळीकडे असतात. धडधाकट माणसाचे ती काही बिघडवत नाहीत. पण रक्तातली साखर वाढलेली, त्यात स्टेरॉइड चालू, अशा रोग्याला मात्र ती गाठतात.

2021 सालच्या उन्हाळ्यात हे आपण पाहिलेच. कोरोनातून उठलेल्यांना म्युकरमायकोसिस झाला. कुणाचा डोळा काढावा लागला, कुणाचा जबडा. लोक ‘काळी बुरशी’ म्हणू लागले. पण काळे दिसते ते रक्त न पोचल्याने मेलेले मांस. अँफोटेरिसिन-बी या इंजेक्शनसाठी नातेवाइकांची वणवण झाली. त्याच मे महिन्यात वर्ध्याच्या कारखान्यात ते बनू लागले.

साध्या अँटिबायोटिकने बुरशी मरत नाही. तिचे औषध वेगळे. नाकातला नमुना तपासून डॉक्टर निदान पक्के करतात, पण रोगी गंभीर असेल तर रिपोर्टची वाट न पाहता औषध सुरू करतात. मेलेला भाग शस्त्रक्रियेने काढावा लागतो, कारण तिथे रक्तच नाही तर औषध पोचणार कसे?

एक हिशेब पाहा. या औषधाच्या लिपोसोमल प्रकाराचा नेहमीचा डोस किलोला 5 मिलिग्रॅम. म्हणजे साठ किलोच्या माणसाला रोज 300 मिलिग्रॅम, 50 च्या सहा बाटल्या, तेही काही आठवडे! म्हणून जरा उतार पडला की घरचे म्हणतात, “पुरे आता.” इथेच घात होतो. नंतरच्या गोळ्याही डॉक्टर सांगतील तितके दिवस घ्यायच्या.

हे इंजेक्शन ग्लुकोजच्या पाण्यातून देतात. मधुमेह्याला ग्लुकोज कसे, म्हणून घाबरू नका. साखरेवर लक्ष ठेवलेले असते. मूत्रपिंडाला मात्र ते जड जाते. तेव्हा “क्रिएटिनिन आणि पोटॅशियम कधी तपासणार?” हे जरूर विचारा.

शेवटी, रोग्याच्या उशाशी बहुधा आपणच बसतो. तेव्हा हे ध्यानात ठेवा : एका बाजूचा चेहरा दुखणे किंवा सुजणे, नाकातून काळपट स्राव, दात हलणे, एकाचे दोन दिसणे. यातले काहीही दिसले तर घरगुती वाफारा पुढे ढकला आणि त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. एका दिवसाने डोळा वाचू शकतो.