फलनाचे उत्तर आणि परतीची वाट

संगणकाच्या आज्ञावलीत फलन म्हणजे नेमून दिलेले एक काम करणारा आज्ञांचा गट होय. त्याला जेथून पाचारण केले जाते, तेथे ते उत्तर घेऊन परतते. हे परतणे अखेरीस एकाच ठिकाणाहून व्हावे, की उत्तर हाती येताच मधूनच व्हावे, हा आज्ञावली-लेखनातील जुना वाद आहे.

त्याचे मूळ संरचित लेखनाच्या विचारात सापडते. १९६८ साली डच शास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी 'गो टू' या आज्ञेच्या स्वैर वापरावर कठोर टीका केली. याच विचारधारेत 'एक प्रवेश, एक निर्गम' हा नियम दृढ झाला. विर्थ यांच्या १९७० च्या पास्कल भाषेत मधूनच परतण्यासाठी 'रिटर्न'सारखी आज्ञा नव्हती. फलनाच्या नावालाच मूल्य दिले जाई. उलट, रिची यांच्या सी भाषेत 'रिटर्न' कोठेही लिहिता येते.

दोन्ही पक्षांत तथ्य आहे. निर्गम एकच असेल तर घेतलेली स्मृती मोकळी करणे, उघडलेली फाइल बंद करणे ही आवराआवर एके ठिकाणी होते. परंतु त्यापायी अटीच्या पोटात अट येत जाते आणि मुख्य काम आत दडते. अयोग्य माहिती आरंभीच परतवून लावली, तर उर्वरित मजकूर सरळ वाचता येतो. सी भाषेसाठीच्या मिस्रा या नियमावलीत २००४ साली एकच निर्गम आवश्यक मानला होता. २०१२ च्या आवृत्तीत तो केवळ सल्ला म्हणून उरला.

मात्र निर्गम मोजल्याने सुरक्षितता लाभत नाही. फेब्रुवारी २०१४ मध्ये ॲपलच्या प्रणालीत एक गंभीर दोष उघड झाला. संकेतस्थळाची स्वाक्षरी पडताळणाऱ्या फलनात 'गो टू फेल' ही ओळ चुकून दोनदा आली होती. दुसरी ओळ कोणत्याही अटीखाली नव्हती. त्यामुळे अंतिम पडताळणी न होताच नियंत्रण शेवटच्या निर्गमाशी पोहोचे. तेथे परत जाणाऱ्या चलात आधीच्या यशस्वी पायरीचे शून्य, म्हणजे 'दोष नाही' हे मूल्य, तसेच राहिलेले असे. न झालेली पडताळणी अशा रीतीने यशस्वी ठरे, आणि तोतया संकेतस्थळालाही खरे म्हणून वावरता येई.

त्या जागी तेच चल परत करणारी 'रिटर्न' दोनदा लिहिली असती, तरी परिणाम बदलला नसता. चलात प्रथम 'अपयश' ठेवून सर्व पायऱ्या पार पडल्यावरच 'यश' लिहिले असते, तर मात्र तीच चूक घातक न ठरता फलनाने केवळ नकार दिला असता. सारांश, वाटा किती यापेक्षा प्रत्येक वाटेने कोणते मूल्य बाहेर पडते, आणि ते त्याच क्षणी सिद्ध झालेले आहे काय, हे पाहणे अधिक महत्त्वाचे होय.