बोटावर ९८, हृदयात किती?

अँजिओप्लास्टी झाली, आणि नर्सने ऑक्सिजनचा मास्क काढला. नातेवाईक घाबरतात, काहींना तर आपल्या माणसाकडे दुर्लक्ष होतेय असेच वाटते. ऑक्सिमीटर मात्र ९८ दाखवत असतो.

हा आकडा रक्ताचा, हृदयाच्या स्नायूचा नव्हे. विश्रांतीतसुद्धा हृदय स्वतःला मिळालेल्या रक्तातला सुमारे ७० टक्के ऑक्सिजन काढून घेते. त्यामुळे रक्त अडले की जास्तीचे काही काढून घ्यायला उरतच नाही. मोठी धमनी उघडली तरी आतल्या बारीक केशवाहिन्या कधी कधी सूज व गुठळ्यांमुळे बंदच राहतात. तिथे रक्तच पोचत नाही, मग मास्क काय करणार? शिवाय उपाशी पेशींत ऑक्सिजन एकदम परतला की त्यातूनच पेशींना इजा करणारे रेणू तयार होतात.

स्वीडनमधील ६,६२९ रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. ऑक्सिमीटरवर ९० किंवा जास्त असलेल्यांना ऑक्सिजन देऊनही वर्षभरातील मृत्यू घटले नाहीत. म्हणून आता साधारणपणे ९० च्या खाली गेल्यावरच तो लावतात.

आणि घरी छातीत दुखत असेल, तर ९८ पाहून थांबू नका. १०८ ला फोन करा, ईसीजी काढून घ्या.