पडदा काळा, पण दोष कोणाचा?

ताप्तीकाठच्या रेल्वेमार्गावर नवापूर आणि नंदुरबार यांच्या दरम्यान आपले खांडबारा आहे. इथल्या आसपासच्या एखाद्या शाळेत जुना संगणक आहे असे समजा. सकाळी गुरुजी बटण दाबतात, पण पडदा काळाच! मुले हिरमुसतात, ‘मॉनिटर गेला’ असा निकाल लागतो आणि तो कपाटावर धूळ खात पडतो. पण खरेच तो गेला काय?

विहिरीवरून पाटाला पाणी आले नाही, तर आपण एकदम मोटार खोलत नाही. आधी वीज पाहतो, मग स्टार्टर, मग पाइप. इथेही तसेच आहे. संगणक चित्र तयार करतो, केबल ते आणते आणि पडदा ते दाखवतो. तिघांपैकी दोषी कोण, एवढेच शोधायचे.

प्रथम पडद्याखालचा बारीक दिवा पाहा. तो लागतच नसेल, तर बोर्ड आणि विजेची वायर तपासा. दिवा पिवळसर असेल, तर पडद्याला वीज मिळते आहे, पण संगणकाकडून चित्र येत नाही. आता दोन्ही चालू ठेवून चित्राची केबल संगणकाकडून सोडवा. पडद्यावर ‘नो सिग्नल’ अशी अक्षरे उमटली, तर बहुधा पडदा ठीक आहे. दोष केबलचा किंवा संगणकाचा. फार जुने पडदे अशी अक्षरे दाखवीत नाहीत. ते दुसऱ्या चालू संगणकाला जोडून पाहावेत.

रंग बिघडला असेल, तर तोच साक्ष देतो. या केबलच्या टोकाला तीन ओळींत पंधरा पिनांची जागा असते. तांबडा, हिरवा, निळा यांना वेगवेगळी पिन असते. निळा तुटला की पांढरे पिवळे दिसते, हिरवा तुटला की जांभळट, तांबडा तुटला की हिरवट-निळे. पिन वाकली आहे का पाहा, दोन्ही स्क्रू आवळा. मात्र नवव्या क्रमांकाची पिन पुष्कळदा मुळातच नसते. तिला मोडलेली समजू नका.

‘आउट ऑफ रेंज’ असे आले, तर संगणक पडद्याला न पेलणारे चित्र पाठवतो आहे. दुसरा पडदा जोडून चित्राचे माप कमी करावे. चपटा पडदा काळा दिसला, तर त्यावर तिरकी बॅटरी मारा. अंधुक चित्र दिसले, तर फक्त मागचा प्रकाश गेला आहे. ते काम कारागिराचे.

आता महत्त्वाचे. पाठीमागे फुगीर असा काचनळीचा पडदा कधीही उघडू नका. त्यात वीस-पंचवीस हजार व्होल्टचा दाब असतो आणि प्लग काढल्यावरही काही काळ तो टिकू शकतो. मुलांच्या हाती तर स्क्रू-ड्रायव्हर नकोच. त्याच्या काचेत शिसे असते. म्हणून नळी फोडू नये, उकिरड्यावर टाकू नये, नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडेच द्यावी.

गुरुजी, काय पाहिले ते मुलांकडून कागदावर लिहून घ्या आणि दुरुस्तीला जाताना तो कागद बरोबर न्या. नंदुरबारची खेप वाया जाणार नाही, आणि एका वाकड्या पिनेपायी मुलांचा संगणकही बंद राहणार नाही.