ऊसपट्ट्यातील हवामानाचे प्रात्यक्षिक

कृषी पदवीच्या पाचव्या अधिष्ठाता समितीने आखलेल्या अभ्यासक्रमात कृषी हवामानशास्त्राला दोनच श्रेयांक आहेत: एक तासिकेचा, एक प्रात्यक्षिकाचा. त्यातला दुसरा अधिक मोलाचा. सुरत जिल्ह्यातील बारडोली तालुका नवसारी कृषी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. काकरापारच्या कालव्यावर भिजणारी काळी जमीन, दूरवर पसरलेला ऊस आणि सहकारी साखर कारखाना असलेल्या या मुलखात हवामानाच्या प्रत्येक आकड्याला शेतात गिऱ्हाईक आहे.

या विद्येची भारतातील घडी पुण्यात बसली. १९३२ साली हवामान खात्याचा कृषी हवामान विभाग तेथे सुरू झाला आणि एल. ए. रामदास यांनी त्याला आकार दिला. कृषी वेधशाळेचा आराखडा आजही ठरलेला असतो. जागा ५५ मीटर लांब, ३६ मीटर रुंद, लांब बाजू दक्षिणोत्तर, झाडे व इमारतींपासून दूर. स्टीव्हन्सन पेटीचे दार उत्तरेकडे उघडते, म्हणजे वाचन घेताना तापमापींवर ऊन पडत नाही. पर्जन्यमापकाची कड जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर. ओल्या तापमापीच्या फुग्यावरचे मलमल मळले की पाणी नीट उडत नाही, पारा खरा असायला हवा त्यापेक्षा वर राहतो आणि हवा आहे त्याहून दमट भासते. हे पुस्तकात एका ओळीत संपते. हाताला त्याची सवय लागायला मात्र कित्येक सकाळी जाव्या लागतात.

कृषी वेधशाळेत वाचने स्थानिक वेळेनुसार सकाळी ७ आणि दुपारी २ वाजता घेतात. बारडोली प्रमाणवेळेच्या रेखांशाच्या बरीच पश्चिमेला असल्याने तेथील सातची वेळ घड्याळात सुमारे ७ वाजून ३७ मिनिटांनी येते. पिकाचा दिवस सूर्यावर चालतो, म्हणून हा हिशेब.

ऊसवाल्याच्या सर्वाधिक कामाचे साधन म्हणजे बाष्पीभवन पात्र: १२२ सेंटिमीटर व्यासाचे, सुमारे २५ सेंटिमीटर खोल, भारतात वर जाळी घातलेले. समजा दिवसाला ६ मिलिमीटर पाणी उडाले. पात्राचा गुणक ०.७ धरून ४.२ मिलिमीटर येतात. भरात वाढणाऱ्या उसाचा पीकगुणक १.२५ लावला की गरज ५.२५ मिलिमीटर. हेक्टरवर एक मिलिमीटर म्हणजे १०,००० लिटर, तेव्हा उसाला दिवसाला ५२,५०० लिटर लागतात. कालव्याचे पाणी याहून जास्त सोडले तर काळ्या जमिनीत पाणी साठते आणि क्षार वर येतात. उकाई-काकरापार लाभक्षेत्राने हे अनुभवले आहे. म्हणून ही आकडेमोड विद्यार्थ्याने वहीत न ठेवता शेतकऱ्याच्या पाळीशी जुळवून पाहणे आवश्यक ठरते.

हिवाळ्यात करण्याजोगा एक सुंदर प्रयोग रामदासांचाच आहे. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन सर्वांत थंड असणार असे वाटते. पण उघड्या जमिनीवर वेगवेगळ्या उंचीला तापमापी लावल्या, तर सर्वांत थंड हवा जमिनीच्या काही डेसिमीटर वर सापडते. रामदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३२ मध्ये हे दाखवले. सुरुवातीला अनेकांचा त्यावर विश्वास बसला नव्हता. काठी, दोऱ्या आणि चार चांगल्या तापमापी एवढ्या सामग्रीवर मुलांना ते पुन्हा पाहता येते.

यानंतर अंदाजाचा सराव. दक्षिण गुजरातमध्ये पावसाळ्यात केवळ भूपृष्ठाचा नकाशा पाहणारा फसतो. अरबी समुद्रात गुजरात-उत्तर कोकणच्या किनाऱ्यालगत कधीकधी असे भोवरे बनतात की त्यांचा जोर तीन ते सहा किलोमीटर उंचीवर असतो आणि खाली फारसे काही दिसत नाही. हिंदी महासागराच्या आंतरराष्ट्रीय मोहिमेत, जुलै १९६३ मध्ये, अशा एका भोवऱ्याचा बारकाईने अभ्यास झाला. असा भोवरा दिवसचे दिवस रेंगाळतो आणि मुसळधार पाऊस पाडतो. विद्यार्थी म्हणूनच वरच्या थरांचे नकाशे, उपग्रहचित्रे आणि संगणकी प्रारूपे शेजारी ठेवून स्वतःचा अंदाज लिहितो, आणि तोही पाऊस येण्याआधी.

मग पडताळणी. २४ तासांचा पाऊस सकाळी साडेआठला मोजून त्याच तारखेवर नोंदतात. रात्री पडलेला पाऊस त्यामुळे दुसऱ्या दिवसाच्या खात्यात जातो, आणि तारीख चुकवली तर बरोबर अंदाजही चूक ठरतो. ‘जोरदार’ हा शब्दही मोघम वापरता येत नाही: ६४.५ मिलिमीटरपासून पुढे हवामान खाते त्याला ‘भारी’ म्हणते.

गळीत हंगामात या कामाला वेगळी निकड येते. नंदुरबार-धुळ्याकडून आणि डांगमधून कोयते घेऊन आलेल्या टोळ्या शेतालगत उघड्यावर झोपड्या बांधून राहतात. अवकाळी पाऊस झाला की फडात गाडी जात नाही, तोड थांबते आणि अंथरूणही भिजते. कृषी हवामान सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो, तो मुख्यतः बागायतदारासाठी. ग्रामीण कार्यानुभवासाठी गावात राहणाऱ्या विद्यार्थ्याने तो मुकादमापर्यंत, टोळीच्या बोलीत, पावसाच्या आदल्या दिवशी पोचवावा, इतकी सोय अभ्यासक्रमात व्हायला हवी. ताडपत्री बांधायला आणि तोडलेला ऊस आधी कारखान्याकडे रवाना करायला तेवढी सवड पुरते.