मागावरून उतरल्यानंतरची पैठणी

मालगुंड हे विणकरांचं गाव नव्हे. गणपतीपुळ्याला लागून असलेलं हे गाव मराठी माणसाला ठाऊक आहे ते केशवसुतांचं जन्मगाव म्हणून. १९९४ पासून तिथे त्यांचं स्मारक उभं आहे. बाकी माड, हापूस, मासळी आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पडणारा पाऊस, हे रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या कुठल्याही गावाचं वर्णन झालं. अशा गावातली नवरी पैठणी नेसते तेव्हा ती पैठणी घाट उतरून आलेली असते, येवल्याहून किंवा पैठणहून. आणि म्हणूनच पैठणीविषयीच्या काही गोष्टी येवल्यापेक्षा मालगुंडात अधिक स्पष्ट दिसाव्यात. येवल्यात कपडा तयार होताना दिसतो. तो टिकतो की नाही, याचा निकाल मात्र दमट हवेत, खाऱ्या वाऱ्यात, घरच्या ट्रंकेत लागतो. ‘स्लो फॅशन’ या नावाखाली आज जे काही विकलं जातं त्याची खरी परीक्षा या दुसऱ्या टोकाला व्हायला हवी, असं माझं म्हणणं आहे.

‘स्लो फॅशन’ हा शब्द रूढ केला ब्रिटनमधल्या केट फ्लेचर यांनी, २००७ च्या सुमारास. त्यांच्या लेखी ‘सावकाश’ म्हणजे केवळ वेग कमी असणं नव्हे. कपडा कोण बनवतं, कशापासून बनवतं आणि तो किती काळ वापरात राहतो, हे सगळं त्यात आलं. पुढे २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळच्या सावर इथली राणा प्लाझा ही इमारत कोसळून अकराशेहून अधिक कामगार मेले, आणि स्वस्त कपड्यांची किंमत कोण मोजतं हा प्रश्न जगभरच्या ग्राहकांपुढे आला. त्यानंतर नैसर्गिक रंगांचे, हातमागाचे, साधे-देखणे पोशाख आणि नवरीचे कपडे बनवणाऱ्या लहान लहान ब्रँडांचं पेवच फुटलं. त्यांच्यापैकी बहुतेकांची जाहिरात कपडा दुकानातून बाहेर पडला की संपते. धागा कुठला, रंग कसला, कारागीर कोण हे सांगितलं जातं. तीस वर्षांनी या कपड्याचं काय होईल, हे सहसा कुणी सांगत नाही. पैठणीला मात्र हा प्रश्न विचारता येतो, कारण तिची तीस वर्षं, साठ वर्षं आपल्यासमोर होऊन गेलेली आहेत.

आधी विणकामाकडे पाहू, कारण टिकण्याचं बरंचसं रहस्य तिथेच आहे. पैठणीच्या पदरात बाणा जरीचा असतो आणि नक्षी रेशमाची, म्हणजे सोनेरी जमिनीवर रंगीत मोर. प्रत्येक रंगाची वेगळी लहान कांडी असते आणि ती नक्षीपुरतीच, ताण्याचे तेवढेच धागे मोजून, हाताने आत-बाहेर काढली जाते. जिथे एक रंग संपतो आणि दुसरा सुरू होतो तिथे दोन्ही धागे एकमेकांत अडकवले जातात. त्यामुळे कापडाच्या मागे सुटे धागे लोंबत नाहीत आणि उलटी बाजू जवळजवळ सुलटीसारखीच दिसते. नक्षी कापडावर चढवलेली नसते. ती कापडच असते. म्हणून ती बांगडीत अडकून उसवत नाही. काठ आणि अंग वेगळ्या रंगांचे हवे असतील तर तीन धोटे चालवून ‘कडियल’ विणतात. एकाच धोट्याने विणलेल्या ‘एकधोटी’त ताण्याचा रंग एक आणि बाण्याचा दुसरा ठेवला की धूपछाव उमटते. मुनिया, आसावली, बांगडी मोर, अजिंठ्याचं कमळ, नारळी काठ ही नावं आज दुकानातही ऐकू येतात. कालीचंद्रकला, राघू, शिरोदक ही रंगांची जुनी नावं मात्र आता विक्रेत्यांपेक्षा अभ्यासकांच्या तोंडी अधिक आहेत. पदर भरगच्च असेल तर दिवसभरात काही बोटंच कापड पुढे सरकतं. साधी पैठणी काही आठवड्यांत होते. पदर आणि अंगही नक्षीने भरलेली पैठणी वर्षाहून अधिक काळ माग अडवून बसते.

इथे एक लोकप्रिय समजूत बाजूला ठेवलेली बरी. पैठणी रोमला जात होती आणि सोन्याच्या भावाने विकली जात होती, असं माहितीपत्रकांतून सर्रास छापलं जातं. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणचा उल्लेख आहे खरा. पण तो म्हणतो की पैठणहून भडोचला जात होते ते अकीकासारखे मौल्यवान दगड, आणि कापड जात होतं ते तगरहून, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरहून. दोन हजार वर्षांच्या अखंड परंपरेचा दावा करण्याची पैठणीला गरजच नाही. पेशवाईतला आश्रय, राघोजी नाईकांनी वसवलेल्या येवल्यात स्थिरावलेले विणकर आणि नंतर निजामाच्या घराण्याची पसंती, एवढा इतिहास तिला पुरेसा आहे. या इतिहासातून आणखी एक गोष्ट उघड होते, ती म्हणजे पैठणी ही दरबाराची आणि सधन घरांची वस्तू होती. कोकणातल्या सामान्य घरातली नवरी बोहल्यावर उभी राहिली ती मामाने दिलेल्या पिवळ्या साडीत, अष्टपुत्रीत. ‘प्रत्येक मराठी नवरीची पैठणी’ ही कल्पना अलीकडची आहे. तिला बाजाराने हातभार लावला, आणि २००४ ते २०२४ या काळात झी मराठीवर घराघरांत पैठणी वाटत फिरलेल्या ‘होम मिनिस्टर’नेही.

पैठणी असो की पिवळी साडी, दोन्हींत एक समान गुण आहे आणि माझ्या मते तो नैसर्गिक रंगापेक्षाही महत्त्वाचा आहे. तो म्हणजे ती शिवलेली नसते. नऊ वार कापड कुठल्याही अंगाला बसतं. आईचं मुलीला, मुलीचं सुनेला, बारीक असताना आणि बाळंतपणानंतरही. मापाने बेतलेला, कमरेत चुण्या घातलेला, पाठीवर गुंड्या असलेला नवरीचा पोशाख कितीही शुद्ध सुताचा असला तरी तो एका शरीराचा, आणि तेही त्या शरीराच्या एका वर्षाचा असतो. दुसऱ्या पिढीकडे जायची सोय त्याच्या बेतण्यातच नसते. स्लो फॅशनच्या चर्चेत सुताविषयी जितकं बोललं जातं त्याच्या निम्म्यानेही शिवणीविषयी बोललं जात नाही, हे नवलच आहे. आता ‘शिवलेली नऊवारी’ आली आहे आणि तिच्यावर नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत. नेसायला पाच मिनिटं लागतात, हा तिचा फायदा मी कमी लेखत नाही. शिवाय ती भाड्याने मिळते, म्हणजे तीच साडी एका हंगामात अनेक जणी नेसतात. वापराच्या हिशेबात भाड्याची शिवलेली नऊवारी कपाटात पडून राहिलेल्या पैठणीपेक्षा सरस ठरेल, हे मान्य करायलाच हवं.

मात्र ‘कपाटात पडून’ हे शब्द वाटतात तितके निष्क्रिय नाहीत. किनाऱ्यावरच्या घरात रेशीम आणि जर टिकवणं हे चालू काम आहे. चार महिने हवेत पाणी असतं, बुरशी घडीच्या आत शिरते. जरीतली चांदी हवेतल्या गंधकाने काळवंडते, आणि खाऱ्या दमट हवेत तिच्याखालचं तांबं हिरवं पडू लागतं. एकाच घडीवर वर्षानुवर्षं ठेवलेलं रेशीम त्या घडीवरच फाटतं. म्हणून पैठणी मऊ सुती फडक्यात गुंडाळायची, प्लास्टिकमध्ये नाही. डांबरगोळी तिला लागू द्यायची नाही. पाऊस सरला की सावलीत वारा द्यायचा आणि घडी बदलून पुन्हा ठेवायची. हे सगळं ज्या बाया करत आल्या त्यांचा उल्लेख साडीवर चिकटवलेल्या कुठल्याही चिठ्ठीवर नसतो. विणकराचे सहा महिने मोजले जातात, त्यांची चाळीस वर्षं नाहीत. शांता शेळके यांची ‘पैठणी’ ही कविता इतक्या मराठी घरांना आपली वाटते, त्याचं एक कारण हेही असावं की तिच्यातली पैठणी दुकानातली नाही, जपून ठेवलेली आहे.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो खरा आहे. पूर्वीची माणसं इतकी जपणारी होती तर जुन्या पैठण्या गेल्या कुठे? त्यांतल्या बऱ्याच जळाल्या. अस्सल जरीत चांदी-सोनं असे, आणि अडचणीच्या काळात, किंवा नुसती साडी विरली म्हणूनही, ती जरीच्या खरेदीदाराला विकली जाई. तो कापड जाळून धातू काढून घेई. ज्या अस्सलपणामुळे पैठणी मोलाची झाली, त्यानेच तिचा घात केला. आजची जर बहुधा सुरतेहून येते आणि तिच्यात तांब्यावर चांदीचा मुलामा असतो. जाणकार याला घसरण म्हणतात. पण अशी पैठणी जाळून हाती काही लागत नाही, त्यामुळे तिला ठेवून देण्याची शक्यता वाढते, असाही तर्क करता येईल.

दुसरा आक्षेप ‘नैसर्गिक’ या शब्दाचा. पैठणीचं रेशीम मुख्यतः कर्नाटकातून येतं, आणि कोशातला किडा मारल्याशिवाय अखंड तंतू निघत नाही. रंग तर बहुतेक रासायनिकच असतात. १८५६ मध्ये पर्किनला जांभळा कृत्रिम रंग सापडला, १८९७ मध्ये जर्मनीतून कारखान्यातली नीळ बाजारात आली, आणि मंजिष्ठा-निळीचा जमाना ओसरला. मग पैठणीला स्लो फॅशनच्या पंक्तीत बसवायचंच कशाला? माझं उत्तर असं, की नैसर्गिक रंग हा चांगुलपणाचा दाखला नसून एक तंत्र आहे, आणि ते जिथे उपयोगी पडतं तिथे लोकांनी वापरलंच. नायलॉन येण्याआधी कोकणातले मच्छीमार सुती जाळी ऐनाच्या सालीच्या काढ्यात बुडवत. सालीतल्या टॅनिनमुळे जाळं खाऱ्या पाण्यात लवकर कुजत नसे. कोकणातली नैसर्गिक रंगाई ही अशी कामाची होती. साडीच्या बाबतीत प्रश्न असा की रंग घामाला, उजेडाला, दशकांना टिकतो का. चांगल्या मंजिष्ठेचा टिकतो, हळदीचा टिकत नाही. चांगला रासायनिक रंगही टिकतो. पाच वर्षांत विटणारी ‘नैसर्गिक’ ओढणी आणि पन्नास वर्षं राहणारी रासायनिक रंगाची पैठणी यांत सावकाश कोण, हे ठरवायला फार विचार लागू नये.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे. ‘सावकाश’ हे गिऱ्हाइकाचं सुख आहे, विणकराचं नाही. केंद्र सरकारच्या २०१९-२० च्या चौथ्या हातमाग गणनेत देशातल्या सुमारे दोन तृतीयांश विणकर कुटुंबांची महिन्याची कमाई पाच हजार रुपयांहून कमी आढळली. पैठणीचे कसबी विणकर यापेक्षा बरे कमावत असतील. तरी एक साडी सहा महिने मागावर असेल तर सहा महिन्यांचं घर तिच्यावर चालायचं असतं, आणि दुकानदाराने उचल दिली नाही तर विणकर भरगच्च पदर सोडून काही आठवड्यांत उतरणारी साधी पैठणी लावतो. त्याला दोष देता येत नाही. यंत्रमागावरच्या, मागे सुटे धागे असलेल्या ‘सेमी पैठणी’ला तरी कसा द्यावा? २०२० सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरलेला ‘गोष्ट एका पैठणीची’ हा पैठणी न परवडणाऱ्या बाईच्या हौसेविषयी आहे. हौस सगळ्यांना असते, आणि सेमी पैठणी ती थोडक्यात भागवते. चूक होते ती सेमी पैठणी अस्सल म्हणून विकली जाते तेव्हा. पैठणीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, पण लग्नाच्या घाईत ते कोण विचारतं! पदर उलटून पाहणं आणि ‘ही मागावर किती दिवस होती’ असं विचारणं, एवढं गिऱ्हाइकाने केलं तरी किमतीची बोलणी दिवसांच्या हिशेबाने होऊ लागतील.

यावर, ‘दिवसांची किंमत द्यायची तर साडी आणखी महाग होईल’, असं म्हटलं जाईल. होईलच. पण एका घरात सहा पैठण्या असायला हव्यात, हे तरी कुणी ठरवलं? पूर्वी सधन घरातही एक भारी वस्त्र जावाजावांत, नणंदा-भावजयांत फिरत असे. विरल्यावर त्याचं लहान मुलीचं परकर-पोलकं होई, बाळाची कुंची होई. सुती लुगड्याची तर गोधडीच ठरलेली. या वाटेवर आज सगळ्यांत मोठी अडचण दुरुस्तीची आहे. अंगाचं रेशीम आधी जातं, पदर आणि काठ त्यामानाने शाबूत राहतात. ते उतरवून नव्या रेशमावर बसवता येतात आणि काही ठिकाणी तसं करूनही देतात. पण मालगुंडसारख्या गावातून हे काम कुणाकडे पाठवायचं, काय दर, किती दिवस, याची सरळ व्यवस्था नाही. येवल्यातल्या पैठणीच्या दुकानांनी नव्या साडीच्या बिलावरच दुरुस्तीचे दर छापले, आणि विणकरांना वर्षातले काही महिने जुन्या पैठण्यांचं काम रोजंदारीने दिलं, तर उचल न मिळाल्याने भरगच्च पदर सोडणाऱ्या विणकराला मधला आधार मिळेल. शिवाय स्वतः किंवा बापाने विणलेला पदर तीस वर्षांनी कुठे फाटला आणि कुठे टिकला हे त्याला प्रत्यक्ष पाहायला मिळेल. आज ही माहिती येवल्यापर्यंत परत जातच नाही.